कुंपणाआतले पारितोषिक

लॉस एंजेलिस येथे २७ फेब्रुवारी २०११ रोजी झालेल्या ऑस्कर समारंभात ‘टॉय स्टोरी ३’ या अ‍ॅनिमेशनपटास दोन पारितोषिके मिळाली : सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे आणि रँडी न्यूमन यांच्या गीताचे. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीच्या दहा नामांकनांतही त्याचे नाव होते. तो मान मात्र ‘द किंग्ज स्पीच’ने नेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ते निराळेच. ज्या स्पर्धेत या मालिकेस एकेकाळी सर्वांच्या बरोबरीने उतरता येत होते, तिचे दार मधल्या काळात तिला बंद झाले, आणि तेही गौरवाच्या नावाखाली.

१९९५ सालचा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचा पुढचा भाग योजला गेला तो प्रथम चित्रपटगृहांसाठी नव्हे, तर घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या बाजारपेठेसाठी. ‘अलादिन’चा पुढचा भाग डिस्नेने १९९४ साली याच मार्गाने विकला होता. गाजलेले नाव हाताशी, गिऱ्हाईक ठरलेले, जोखीम अल्प. मग कथेवर कष्ट कशाला, असा हा हिशेब. व्यापाराच्या दृष्टीने तो चूक नव्हे, आणि पुढच्या भागांकडे समीक्षक नाक मुरडून पाहतात तेही त्यामुळेच. पिक्सारच्या मंडळींनी हा हिशेब मोडला. चित्रपट पडद्यावर आणण्याचे ठरल्यावरही हाती असलेली कथा त्यांना पटेना, तेव्हा प्रदर्शनास जेमतेम नऊ महिने उरले असता त्यांनी ती नव्याने रचली. जानेवारी २००० मध्ये ‘टॉय स्टोरी २’ला संगीतप्रधान वा विनोदी चित्रपटांच्या विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे गोल्डन ग्लोब मिळाले. मागे पडलेल्यांत ‘नॉटिंग हिल’ आणि ‘बीइंग जॉन माल्कोविच’ होते. म्हणजे हाडामांसाच्या नटनट्यांचे चित्रपट.

पुढे २००२ पासून ऑस्करने अ‍ॅनिमेशनपटांसाठी स्वतंत्र विभाग उघडला व पहिला मान ‘श्रेक’ला दिला. २००७ पासून गोल्डन ग्लोबनेही तेच केले. पण या विभागात येणाऱ्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत स्थान नाही, असा नियम केला. परिणाम असा की, जानेवारी २०११ मध्ये ‘टॉय स्टोरी ३’ला आपल्या विभागातील पारितोषिकावर समाधान मानावे लागले. ज्या यादीत त्याच्या थोरल्या भावंडाने बाजी मारली होती, त्या यादीत त्या वर्षी समीक्षकांनी बहुतांशी झोडपलेला ‘द टूरिस्ट’ मात्र दिमाखाने बसला होता!

बाल्यावस्थेतील उद्योगास संरक्षण द्यावे, हे फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचे प्रतिपादन आम्ही वर्गात शिकवतो. त्यात एक अट अनुस्यूत असते : मूल चालू लागले की पांगुळगाडा काढून घ्यावयाचा. ‘टॉय स्टोरी ३’ हा जगभरात १०० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवणारा पहिला अ‍ॅनिमेशनपट. त्यास बालक कोण म्हणेल? शिवाय जकातीची भिंत बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. हे कुंपण २०२१ पर्यंत आतल्यांनाच बाहेर जाऊ देत नव्हते. अर्थात स्वतंत्र विभागाने काहीच साधले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या जपानी चित्रपटास २००३ साली ऑस्कर मिळाले, ते या विभागाविना मिळाले असते असे मला वाटत नाही.

ऑस्करच्या नियमांत मुख्य दार उघडे आहे. तरीही सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकनांची संख्या पाच असताना तेथवर पोहोचला तो एकच अ‍ॅनिमेशनपट, १९९१ सालचा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. ‘अप’ व ‘टॉय स्टोरी ३’ आले ते संख्या दहावर नेल्यानंतर. एका पेटीत मत टाकल्यावर दुसऱ्या पेटीपाशी मतदाराचा हात आखडत असावा, असा माझा तर्क आहे.

आणि चित्रपट तरी कसला? सतरा वर्षांचा अँडी महाविद्यालयात निघाला आहे, त्याची खेळणी अडगळीत जाण्याच्या बेतात आहेत. शेवटी कचऱ्याच्या धगधगत्या भट्टीकडे घसरत असता, आता सुटका नाही हे ओळखून ती निमूटपणे एकमेकांचे हात धरतात. मृत्यूसमोरची ही शांतता ज्यांना मुलांपुरती वाटली, त्यांनी तो चित्रपट मुलांना सोडून एकट्याने पाहावा. मायकेल आर्ंट यांच्या या पटकथेस ऑस्करचे नामांकन मिळाले, पण ‘आधारित’ पटकथा म्हणून. कारण पात्रे जुनी. कथा नवी होती, ही गोष्ट त्या वर्गवारीत बसत नव्हती.

९ फेब्रुवारी २०२० रोजी ‘टॉय स्टोरी ४’ने अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर पटकावले, ते दोनदा मिळवणारी ही पहिली मालिका. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनांत या वेळी तिचे नाव नव्हते. त्याच रात्री कोरियाचा ‘पॅरासाइट’ परदेशी चित्रपटांच्या स्वतंत्र विभागातले पारितोषिक घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे घ्यायला पुन्हा मंचावर आला.