सह्याद्रीच्या वाटा (भाग सहावा) : आधी पाण्याची सोय

वाट कुठून न्यायची, कोणती गावं आणि खिंडी जोडायच्या, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ती टिकते की नाही, हे मात्र पावसाळा ठरवतो. म्हणून आजचा भाग पाण्याचा.

घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. सोंडेवरून नाकासमोर उतरणारी पायवाट म्हणजे या पाण्याला आयती पन्हळ. पावलांखाली गवत मेलेलं, मुरूम सुटलेला. काही पावसाळ्यांत वाटेची घळ होते. मग घसाऱ्याला बिचकून लोक कडेच्या गवतातून चालू लागतात, तेही गवत जातं आणि एका वाटेच्या चार होतात. डोंगर असा सोलवटलेला पाहिला की जीव तुटतो, कारण हे टाळता येतं.

डोंगराला आडवी जाणारी वाट टिकते. तिचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी असला आणि ती दरीच्या अंगाला किंचित कललेली असली, की पाणी तिच्यातून वाहत न जाता तिला ओलांडून निघून जातं. दहा मीटर चालीला एक मीटर चढ हे चांगलं प्रमाण. आपल्या घाटांत ते सगळीकडे साधणार नाही. तिथे दगडांचे आडबांध घालावे लागतात. लांबट, जड दगड निवडायचे, निम्म्याहून जास्त जमिनीत गाडायचे, एकमेकांना घट्ट भिडवायचे आणि ओळ तिरपी ठेवायची, खालचं टोक दरीकडे. ओळ वाटेला काटकोनात घातली तर मागे गाळ भरतो आणि पाणी दगडांवरून उडी मारून पुन्हा वाटेत येतं. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक बांधाच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा फावड्याने ओढून काढायचा. एवढं एक काम चुकलं तर बाकी मेहनत वाया जाते.

नाणेघाट याचा जुना दाखला. कल्याण-सोपाऱ्याकडचा माल जुन्नरला नेणारी ही सातवाहनकालीन वाट. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे, वाटेलगत पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि खड्या चढावर दगडी फरसबंदी आहे. व्यापार चालू होता तोवर वाटेची देखभाल परवडत होती. आज ती कुणी करायची?

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलने याचं उत्तर शोधलं. बेंटन मॅकाय यांनी 1921 मध्ये कल्पना मांडली, 1937 मध्ये वाट सलग झाली. चौदा राज्यांतून जाणाऱ्या या सुमारे 3,500 किलोमीटरच्या वाटेचे टप्पे तीसेक स्थानिक संस्थांनी वाटून घेतले आहेत. आपापल्या टप्प्यावरची पडलेली झाडं हटवणं, चर मोकळे करणं, झाडांवरच्या पांढऱ्या खुणा पुन्हा रंगवणं हे काम मुख्यतः त्यांचे स्वयंसेवक करतात.

आपल्याकडे ही जबाबदारी पायथ्याच्या गावांकडे जावी आणि तिचे पैसे मिळावेत, असं माझं ठाम मत आहे. श्रमदानाला येणारी शहरी मंडळी दगड हलवायला मोलाची. पण पहिल्या सरीनंतर वाट कुठे खचली हे गुरं घेऊन रोज जाणाऱ्यालाच आधी कळतं. वनखात्याने किंवा ग्रामपंचायतीने घेतलेल्या प्रवेशशुल्काचा ठरलेला हिस्सा त्याच वाटेच्या मजुरीवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब गावात फळ्यावर लागावा.

प्रसिद्धीचा विचारही इथूनच सुरू व्हायला हवा. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर पावसाळी रविवारी होणारी कोंडी जीवघेणी ठरू शकते. त्या गडाची आणखी जाहिरात करण्यात काही अर्थ नाही. जिथे वाट बांधून झाली आहे, मुक्कामाला घरं आहेत, जेवण आणि वाटाड्या मिळतो, अशा कमी गर्दीच्या जोडवाटा लोकांसमोर आणाव्यात आणि ऐन पावसापेक्षा हिवाळ्यात चालायला बोलवावं.

पुढच्या आठवड्यात दिशादर्शक खुणा: कुठे लावायच्या, कशाच्या असाव्यात आणि ढोरवाटांच्या जाळ्यात माणूस नेमका कुठे चुकतो.