व्यसनाचे मूळ शोधताना

समुद्रकाठच्या गावात घडणाऱ्या मानसशास्त्रीय थरारकथेत अमली पदार्थांचा माग काढता काढता शेवटी कुणाचे तरी होरपळलेले बालपण उघड होते. हा केवळ कल्पनाविलास नव्हे. अमेरिकेतील सॅन डिएगो या किनारी शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास केला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन असे चार वा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांना, ते न सोसलेल्यांच्या तुलनेत, मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पटींनी अधिक होता.

अर्थात, प्रत्येक पोळलेले मूल व्यसनी होते असे नाही. परंतु सतत भीतीत वाढलेल्याचे मन धोका टळल्यावरही सावधच राहते आणि नशा हा त्या ताणावरचा तात्पुरता उतारा ठरतो. म्हणूनच पदार्थ सोडवण्याबरोबर मनाच्या जखमेवरही उपचार हवेत.

घरात असे कोणी असेल, तर ‘हे का घेतोस?’ असे दरडावण्याआधी ‘तुला काय सलते आहे?’ असे विचारावे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क उपलब्ध आहे.