अलेक्झांड्रियाचे दुसरे ग्रंथालय

अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे प्राचीन इजिप्त उभा राहतो. टॉलेमी राजांनी जोपासलेला आणि पुढे नामशेष झालेला तो ग्रंथसंग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याविषयी येथे लिहावयाचे नाही. त्याच नावाचे एक लहान शहर अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी वसले आहे. राजधानी वॉशिंग्टन तेथून अवघ्या काही मैलांवर. १९४० च्या जनगणनेत या शहराची वस्ती ३३ हजारांच्या आसपास होती. या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा इतिहास आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत नाही. परंतु आमच्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला तो ठाऊक असावा असे आम्हांस वाटते. चवदार तळ्याचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला तो परका वाटणार नाही.

अलेक्झांड्रियात ग्रंथसंग्रहाची परंपरा जुनी आहे. १७९४ साली तेथे ‘अलेक्झांड्रिया लायब्ररी कंपनी’ स्थापन झाली. वर्गणी भरून सभासद व्हावे आणि पुस्तके घरी न्यावीत, अशी ती पद्धत होती. आपल्याकडील एकोणिसाव्या शतकातील नेटिव्ह लायब्रऱ्याही पुढे याच पद्धतीने चालल्या. ज्यांच्याजवळ वर्गणी आणि प्रतिष्ठा होती त्यांचेच ते ग्रंथालय. याच गावातील ड्यूक स्ट्रीटवर १८२८ पासून फ्रँकलिन आणि आर्मफील्ड यांची गुलामविक्रीची पेढी होती. तेथून माणसे साखळदंडांत दक्षिणेकडे पाठविली जात. ग्रंथप्रेम आणि माणसांचा बाजार एकाच गावात, काही गल्ल्यांच्या अंतराने, सुखेनैव नांदत होते. ग्रंथ माणसाला आपोआप उदार करतात या समजुतीवर आमचा फारसा विश्वास नाही, त्याचे हेही एक कारण.

सर्वांसाठी मोफत म्हणता येईल असे ग्रंथालय गावात उघडले ते १९३७ च्या ऑगस्टमध्ये, क्वीन स्ट्रीटवर. इमारतीसाठी रॉबर्ट साउथ बॅरेट यांनी आपल्या मातोश्री डॉ. केट वॉलर बॅरेट यांच्या स्मरणार्थ देणगी दिली. या बाईंनी समाजाने टाकून दिलेल्या अविवाहित मातांसाठी आयुष्यभर कार्य केले होते. जागा क्वेकर पंथीयांच्या जुन्या दफनभूमीची. ती ९९ वर्षांच्या भाडेकराराने मिळाली. क्वेकर हा गुलामगिरीला विरोध करणारा पंथ म्हणून इतिहासात ख्यातनाम आहे. म्हणजे देणगी, स्मृती, भूमी सारे काही करुणेच्या परंपरेतले. ग्रंथालयाचा खर्च मात्र नगराच्या तिजोरीतून चाले, आणि त्या तिजोरीत कृष्णवर्णीय नागरिकांचा करही जमा होत असे. त्यांना ग्रंथालयात प्रवेश नव्हता.

त्या काळी अमेरिकेत ‘विभक्त परंतु समान’ हे तत्त्व कायदेशीर मानले जाई. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले होते. व्यवहारात विभक्तता काटेकोरपणे पाळली जाई आणि समानता कागदावर राही. अलेक्झांड्रियात कृष्णवर्णीय मुलांसाठी माध्यमिक शाळा नसल्याने त्यांना शिक्षणासाठी नदी ओलांडून वॉशिंग्टनला जावे लागे. असाच एक विद्यार्थी म्हणजे सॅम्युअल विल्बर्ट टकर. १९१३ साली जन्मलेल्या टकर यांनी हॉवर्ड विद्यापीठाची पदवी घेतली. परंतु कायद्याचे शिक्षण कोणत्याही विधी महाविद्यालयात घेतले नाही. एका वकिलाच्या कार्यालयात बसून ग्रंथ वाचून ते कायदा शिकले आणि विसाव्या वर्षी वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचे घर क्वीन स्ट्रीटवरच होते. ज्याने केवळ ग्रंथांच्या बळावर वकिली मिळविली, त्याच्या घरापासून दोन-तीन चौकांवर ग्रंथालय उभे राहावे आणि त्याचे दार त्याला बंद असावे, यातील दंश सहज समजण्याजोगा आहे.

१९३९ च्या मार्चमध्ये टकर आणि सैन्यातून निवृत्त झालेले सार्जंट जॉर्ज विल्सन ग्रंथालयात गेले व त्यांनी वाचक-कार्डासाठी अर्ज मागितला. तो नाकारण्यात आला. टकर यांनी विल्सन यांच्या वतीने न्यायालयात दाद मागितली. पण न्यायालयाचे काम रेंगाळत चालले. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग योजला.

२१ ऑगस्ट १९३९ रोजी विल्यम इव्हान्स, ऑटो टकर, एडवर्ड गॅडिस, मॉरिस मरे आणि क्लॅरेन्स स्ट्रेंज हे पाच तरुण नीटनेटके कपडे करून ग्रंथालयात गेले. एकत्र नव्हे, एकामागून एक. प्रत्येकाने नम्रपणे कार्ड मागितले. नकार मिळताच प्रत्येकाने फडताळातून एक पुस्तक काढले, वेगळ्या टेबलाशी जाऊन बसला आणि मुकाट्याने वाचू लागला. एकमेकांशी बोलावयाचे नाही, आवाज करावयाचा नाही, हे आधीच ठरले होते. चौदा वर्षांचा एक मुलगा आत काय चालले आहे याची खबर टकर यांच्या कार्यालयात पोहोचवीत होता. पोलीस आले. त्यांनी पाचही जणांना बाहेर काढले, तेव्हा रस्त्यावर सुमारे ३०० माणसे जमली होती आणि टकर यांनी बोलाविलेला छायाचित्रकारही हजर होता. ते छायाचित्र आज उपलब्ध आहे. त्यात गुन्हेगाराची कोणतीही खूण शोधून सापडत नाही.

आरोप ठेवला गेला तो शांतताभंगाचा. ग्रंथालयात शांत बसून वाचणाऱ्यांवर शांतताभंगाचा आरोप! टकर यांनी उलटतपासणीत पोलिसांकडूनच वदवून घेतले की, हे तरुण सभ्यपणे वागत होते, आणि ते गौरवर्णीय असते तर त्यांना कोणी हटकले नसते. न्यायाधीशांसमोर पेच उभा राहिला. दोषी ठरवावे तर पुरावा नाही. निर्दोष ठरवावे तर दार उघडावे लागते. त्यांनी निकालच दिला नाही. खटला बेमुदत पुढे ढकलला. या घटनेची देशभर व्हावी तशी चर्चाही झाली नाही. त्याच आठवड्यात जर्मनी-रशिया करार झाला आणि दहा-बारा दिवसांत दुसरे महायुद्ध पेटले.

येथे महाडची आठवण येणे अपरिहार्य आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्या यादीत ग्रंथालय हा शब्द नाही, ही गोष्ट इतिहास शिकविताना आम्हांस नेहमी खटकत आली आहे. ही उणीव बाबासाहेबांच्या ध्यानात होती असे म्हणावयास हरकत नाही. कारण १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालये काढण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह ओंजळभर पाणी घेऊन तो अमलात आणला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो मागे घेतला. पुढे खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो, सवर्णांनी सांगितलेली बंदीची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, या मुद्द्यावर. दोन्ही देशांत न्यायालयांनी मूळ प्रश्नाला बगल दिली. दोन्ही ठिकाणी सत्याग्रहींनी केलेली कृती मात्र अत्यंत साधी, रोजची होती. एकीकडे पाणी पिणे, दुसरीकडे पुस्तक वाचणे. ज्या कृतीत गुन्हा दाखविताच येत नाही तीच कृती निवडावी, हे शहाणपण दोन्हीकडे सारखे दिसते.

अलेक्झांड्रियाची कथा येथे संपत नाही. आमच्या मते तिचा अधिक महत्त्वाचा भाग पुढेच आहे. जानेवारी १९४० मध्ये विल्सन यांचा अर्ज न्यायालयाने तांत्रिक कारणावरून फेटाळला. पण नागरिकांना प्रवेश नाकारण्यास कायद्याचा आधार नाही, असेही सूचित केले. नगराचे कारभारी सावध झाले. दार उघडण्याऐवजी त्यांनी घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळी छोटी इमारत बांधली. एप्रिल १९४० मध्ये ‘रॉबर्ट एच. रॉबिन्सन ग्रंथालय’ सुरू झाले. पुस्तके बरीचशी वापरलेली, सामान जुने. टकर यांना तेथील कार्ड देऊ केले गेले. त्यांनी लेखी उत्तर पाठविले की, आपण अर्ज केला आहे तो क्वीन स्ट्रीटवरील ग्रंथालयासाठी. त्याच्या बदल्यात दुसरे कार्ड आपण घेणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही.

हा नकार नीट समजून घेतला पाहिजे. रॉबिन्सन ग्रंथालय निरुपयोगी होते असे नव्हे. पुढील दोन दशके वस्तीतील मुले तेथेच वाचत होती, आणि ज्यांनी ते स्वीकारले त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. भुकेल्याने अर्धी भाकरी घेतली म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. परंतु टकर यांचा झगडा पुस्तकांच्या संख्येसाठी नव्हता. वेगळा पाणवठा स्वच्छ बांधून दिला असता तर महाडचा प्रश्न सुटला असता काय? चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपण आलो आहोत ते समतेसाठी, हे बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ च्या परिषदेत समजावून सांगितले होते. टकर यांचे पत्र त्याच जातीचे आहे.

या दोन लढ्यांतील नाते बाबासाहेब ओळखून होते. कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य केले होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या, आणि ड्यू बॉइस यांनी त्याला आपुलकीने उत्तर दिले.

क्वीन स्ट्रीटचे दार उघडले तेही हप्त्याहप्त्याने. प्रौढांना व माध्यमिक विद्यार्थ्यांना १९५९ मध्ये प्रवेश मिळाला. लहान मुलांना १९६२ पर्यंत थांबावे लागले. टकर यांनी शाळांतील वर्णभेदाविरुद्धचे खटले आयुष्यभर लढविले आणि १९९० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची प्राथमिक शाळा आज त्याच गावात आहे. त्या पाच तरुणांवरील आरोप न्यायालयाने अधिकृतपणे रद्द केले ते २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, तब्बल ८० वर्षांनी. रॉबिन्सन ग्रंथालयाच्या इमारतीत आता कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे वस्तुसंग्रहालय आहे. क्वीन स्ट्रीटवरील जुन्या इमारतीतून पूर्वीसारखीच पुस्तके दिली जातात. आणि गावाच्या स्थानिक इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला, तो कोणत्याही वर्णाचा असो, आता त्याच इमारतीत टेबलाशी बसून वाचता येते.