लॅपटॉपवर चहा सांडला तर?

दोस्तांनो, घरात लॅपटॉप आला की तो कुठे बसतो? अभ्यासाच्या टेबलावर, असं तुम्ही म्हणाल. पण खरं सांगा, तो पलंगावर बसतो, चटईवर बसतो, कधी ओट्याजवळच्या स्टुलावरही बसतो. आणि त्याच्या शेजारी कोण असतं? चहाचा कप, पाण्याचा तांब्या, ताकाचा पेला. त्यातून घरात धाकटं भावंड असेल, तर विचारूच नका! मग एक दिवस कुणाचं तरी कोपर लागतं, कप कलंडतो आणि कीबोर्डच्या फटींमधून चहा भराभर आत उतरतो.

पुढचा प्रकार बऱ्याच घरांत सारखाच. वरवर फडकं फिरवायचं, कुणी पाहिलं नाही ना याची खात्री करायची, झाकण लावून लॅपटॉप होता तिथे ठेवून द्यायचा. संध्याकाळी हळूच सुरू करून बघायचं. चालतोय! हुश्श! आणि चार दिवसांनी तो जो बंद पडतो, तो कायमचा. आता गंमत अशी, की सांडलेल्या चहानं लॅपटॉप त्याच क्षणी जातोच असं नाही. पुष्कळदा तो जातो या मधल्या चार दिवसांत, गुपचूप. ते कसं, हेच आज बघायचं आहे.

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी तर हे नीट माहीत असायलाच हवं. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले तेव्हा कधीतरी घेतलेला तो एकुलता एक लॅपटॉप. ताईचं कॉलेज त्याच्यावर, बाबांचे अर्ज त्याच्यावर, तुमचा अभ्यास आणि (अभ्यास झाल्यावरच, नाही का?) खेळ त्याच्यावर. मदरबोर्डाचं बारीक काम निघालं, तर तो पिशवीत घालून एसटीनं साठेक किलोमीटरवरचं जालना गाठायचं, नाही तर आणखी पुढे छत्रपती संभाजीनगर. म्हणजे कारागिराच्या हातात पडेपर्यंत त्याची काळजी घ्यायची ती घरच्यांनीच.

आता एक प्रश्न. पाण्यातून वीज वाहते का? "हो!" असं सगळे एका सुरात म्हणाल. पण अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही बरं का! वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतात. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर चढतो ना, तेच ते. चहात त्याच्या जोडीला दूध आणि साखर. लिंबू सरबतात मीठ आणि आंबटपणा, म्हणजे आम्ल. ताकाचंही तसंच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लोणारचं सरोवर पाहिलं असेल. मंठ्याहून ते जवळच आहे. उल्केच्या आघातानं झालेल्या त्या खोल वाडग्यात पाणी येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. पाणी फक्त उन्हानं वाफ होऊन उडून जातं. क्षार कुठे जाणार? ते मागेच राहतात. म्हणून लोणारचं पाणी इतकं खारट. चहा सांडलेल्या लॅपटॉपच्या पोटात असंच एक चिमुकलं लोणार तयार होतं! वरून सगळं कोरडं दिसतं. आत मात्र साखर, दूध आणि क्षार मदरबोर्डवर चिकटून बसलेले असतात. पावसाळी दमट हवा लागली की तो थर पुन्हा ओलसर होतो आणि काम सुरू करतो.

कसलं काम, ते डोळ्यांनी बघायचं आहे? मग घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि हा प्रयोग करा. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चिमूटभर मीठ टाका. ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी आणा. तांब्याच्या दोन तारा तिच्या दोन टोकांना जोडून त्यांची मोकळी टोकं पाण्यात सोडा. तारा एकमेकींना लागू देऊ नका. थोड्याच वेळात एका तारेपाशी बुडबुडे येतील. दुसरी तार झिजू लागेल आणि पाणी गढूळ होईल. आता बॅटरी काढा. सगळं थांबलं! (भिंतीवरच्या विजेला हा प्रयोग चुकूनही जोडायचा नाही. ती वीज जीव घेते.)

मदरबोर्डवर तांब्याच्या अशाच वाटा असतात, पण केसासारख्या बारीक. ग्लासातली तार झिजायला वेळ लागतो, या वाटा मात्र लवकर तुटतात. त्या जागी हिरवट-पांढरा थर उरतो. आणि ग्लासाजवळची बॅटरी तुम्ही काढलीत, लॅपटॉपमधली मात्र आतच असते. लॅपटॉप बंद केला तरी मदरबोर्डच्या काही भागांत तिची थोडी वीज जातच राहते. चार दिवसांत काय घडतं, कळलं ना?

ओलावा आणि वीज यांची अशीच धास्ती एकदा चंद्राच्या वाटेवर तीन अंतराळवीरांनी घेतली होती. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला. वीज वाचवण्यासाठी त्यांनी मुख्य यान पूर्ण बंद केलं आणि ते चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात जाऊन बसले. पृथ्वीवर परतायच्या वेळी पाहतात तो काय, बंद यान गारठलेलं आणि आतल्या भिंती, बटणं, तारा सगळं दवानं थबथबलेलं! ते सुरू केल्याशिवाय घरी येता येणार नव्हतं. त्यांनी श्वास रोखून बटणं दाबली, आणि कुठेही ठिणगी पडली नाही. कारण जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर दगावल्यावर पुढच्या यानांच्या तारा आणि जोड फार काळजीनं झाकले गेले होते. तुमच्या-आमच्या लॅपटॉपला इतकं चिलखत नसतं. तेव्हा "सुरू होतो का बघू" हे धाडस आपण करायचं नाही.

मग काय करायचं?

सगळ्यात आधी मोठ्यानं हाक मारायची. "आई, चहा सांडला!" लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असेल, तर कोरड्या हातानं भिंतीवरचं बटण बंद करा आणि मगच प्लग काढा. बोर्डापर्यंत ओल गेली असेल, तर तुम्ही हातच लावू नका, ते काम मोठ्यांचं. पॉवरचं बटण दहा-बारा सेकंद दाबून धरा, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होईल. अर्धवट राहिलेला निबंध जाईल. जाऊ द्या. पेन ड्राइव्ह, माउस, जे काही जोडलेलं असेल ते काढा. बॅटरी खटका सरकवून निघणारी असेल, तर तीही काढा. मग लॅपटॉप उघडा ठेवून टॉवेलवर तंबूसारखा पालथा उभा करा, म्हणजे चहा आला त्याच वाटेनं बाहेर पडेल. (काही लॅपटॉपांना कीबोर्डखाली पाणी वाहून जायला छिद्रं असतात. त्यांच्या माहितीपुस्तकात वेगळी सूचना असेल, तर तीच पाळा.) तो हलवायचा नाही, झटकायचा नाही. पंख्याखाली ठेवलात तर उत्तम.

केस वाळवायचं यंत्र नको. त्याच्या गरम झोतानं पाणी आणखी आत ढकललं जातं. गच्चीवरचं ऊन नको. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी आणि पडदा दोन्हींचं नुकसान. सॅनिटायझर चोळणं नको, त्यात इतरही चिकट पदार्थ असतात.

आणि तांदळाचा डबा? हा उपाय शेजारच्या काकूंपासून कॉलेजातल्या दादापर्यंत सगळे सांगतात. तांदूळ बाजूच्या हवेतला थोडासा ओलावा घेत असेल, पण मदरबोर्डवरची साखर आणि क्षार तो चाटून काढत नाही. उलट त्याची भुकटी आणि कण फटींत शिरतात. ॲपल कंपनीनं २०२४ साली आपल्या सूचनांमध्ये भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलं. लॅपटॉपलाही तेच लागू. तांदळाची खिचडी करा.

आता गावातल्या गावात होण्यासारखं सर्वांत मोलाचं काम. त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात, लॅपटॉप जवळच्या मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात न्या आणि एवढंच म्हणा, "मागचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी काढून द्या." मदरबोर्ड दुरुस्त न करणाऱ्यालाही हे बहुधा जमतं, थोड्या वेळाचं काम असतं. बॅटरी सुटली की झीज जवळजवळ थांबते. मग जालन्याला उद्या गेलात तरी फारसं बिघडत नाही. काय सांडलं ते खरं सांगा. चहा सांडून पाणी म्हणालात, तर तो कारागीर नुसतं वाळवून देईल. चहा असेल तर मदरबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुवावा लागतो. हे द्रव पटकन पेट घेतं, म्हणून घरी हा उद्योग करायचा नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, टोचू नका, पुन्हा वापरू तर मुळीच नका.

नुसतं पाणी आणि तेही थोडंसं सांडलं, शिवाय दुकान बंद, अशी वेळ आली तर? मग निदान दोन दिवस तो पंख्याखाली तसाच ठेवायचा. मधेच एकदा बघू, असं करायचं नाही.

आई-बाबा, आता थोडं तुमच्याशी. सांडल्यावर मूल गप्प का बसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. धपाट्याच्या भीतीनं गेलेला एक तास लॅपटॉपला चहापेक्षा महाग पडतो. तेव्हा हाक ऐकू आली की आधी प्लग काढा. रागवायचं असेल तर रात्री रागवा. आणखी एक, साध्या वॉरंटीत सांडलेलं पाणी-चहा सहसा धरत नाहीत. आत चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या ओल लागताच रंग बदलतात आणि सगळं सांगून टाकतात. म्हणून नवा लॅपटॉप घेताना अपघाती नुकसानीचं संरक्षण मिळतं का, ते दुकानदाराला विचारून घ्या.

एवढं करूनही मदरबोर्ड गेलाच, तर आतले फोटो आणि वह्या गेल्या असं समजून रडत बसू नका. हार्ड डिस्क बऱ्याचदा वेगळी काढता येते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते पृथ्वीवर परतताना तुटून पडलं. त्यातल्या एका प्रयोगाची जळकी हार्ड डिस्क काही महिन्यांनी एका आटलेल्या तळ्यात सापडली, आणि तज्ज्ञांनी तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली! मात्र काही नव्या लॅपटॉपांत ही साठवण मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. तिथे हे काम अवघड आणि खर्चाचं. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दर रविवारी पेन ड्राइव्हवर घेतलीत, तर हा प्रश्नच येत नाही.

आणि कधी कधी मदरबोर्ड वाचतो, पण चार-दोन बटणं चिकटून बसतात, 'क' दाबला तर 'ककककक' उमटतं. नवा कीबोर्ड बसवून मिळतो. तोवर काही शे रुपयांचा बाहेरून जोडायचा कीबोर्ड आणा. ताईचा परीक्षेचा अर्ज त्याच्यावरही भरता येतो.