नदीकाठची हरवलेली गल्ली

हैदराबादेतील अफझलगंज ही पेठ पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाने ओळखली जाते. धान्याची पेठ म्हटली की हमाल, गाडीवान, मोलकरी आणि त्यांची दाटीवाटीची घरे ही ओघानेच येतात. मुसी नदीच्या काठी अशा कष्टकऱ्यांच्या गल्ल्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच आता शोधूनही सापडावयाच्या नाहीत.

त्या नाहीशा झाल्या त्या दोन वेळा. २८ सप्टेंबर १९०८ रोजी अतिवृष्टीने वरच्या बाजूचे दोनशेहून अधिक तलाव फुटले आणि मुसीचे पाणी शहरात शिरले. कोळसावाडीसारखी वस्ती पार धुऊन गेली. मृतांची संख्या सुमारे १५,००० असावी, असा अंदाज केला जातो. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले. १९१२ साली स्थापन झालेल्या नगरसुधार मंडळाने कोंदट वस्त्या हटवून रस्ते रुंद केले. शहर सुरक्षित झाले, सुंदरही झाले. परंतु पुरातून जे वाचले होते, त्यातील पुष्कळसे या सुधारणेत गेले.

इमारतींना दप्तर असते, गल्लीला नसते. उस्मानिया रुग्णालय केव्हा पूर्ण झाले, हे कोणीही सांगेल. पण त्या गल्लीतील मुले कोठे खेळत, पाणी कोठून भरत, कोणाच्या ओट्यावर निजत, हे कोण सांगणार? कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व कन्या या पुरात गेल्या. त्यांचे दुःख शब्दांत उतरले, कारण त्यांच्या हाती लेखणी होती. हमालाच्या पोराजवळ होती ती केवळ आठवण. आणि आठवण माणसाबरोबर जाते.

रुग्णालयाच्या आवारातील चिंच मात्र राहिली. पुराच्या वेळी तिच्या फांद्यांवर सुमारे दीडशे माणसे तगली, असे सांगतात. दरवर्षी २८ सप्टेंबरला लोक तिच्यापाशी जमतात. ज्यांचे घर उरले नाही, त्यांना निदान एक झाड तरी उरले.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हे. २०२४ साली मुसीच्या सुशोभनासाठी नदीपात्रातील घरांवर तांबड्या खुणा झाल्या आणि मूसानगर, शंकरनगर येथील घरे पाडली जाऊ लागली. कुटुंबांना अन्यत्र घरे देण्यात आली. पुराच्या पात्रात माणसांनी राहू नये, हे खरेच. परंतु घराच्या बदली घर मिळते, गल्लीच्या बदली गल्ली मिळत नाही. शाळेची वाट, शेजारणीची हाक, सांजवेळचा खेळ यांचा पंचनामा कोणी करीत नाही.

म्हणून घर पाडण्यापूर्वी जशी मोजणी होते, तशीच तेथील मुलांची व म्हाताऱ्यांची आठवणही टिपून ठेवावी. त्यास एक वही आणि ऐकून घेणारा माणूस पुरे. १९०८ साली तेवढे झाले असते, तर कोळसावाडी आज केवळ मृतांच्या आकड्यासाठी आठवली नसती.