लिनक्सवरचा स्टुडिओ – भाग 6 : वेलांटी सांभाळून

लिनक्सवर आफ्टर इफेक्ट्स चालतं का, हा प्रश्न या लेखमालेत कधी ना कधी येणारच होता. नाही चालत. अडोबीने ते लिनक्ससाठी कधी काढलंच नाही, आणि वाइनमधून चालवण्याच्या खटपटीत ज्याला शुक्रवारी काम द्यायचं आहे त्याने पडू नये.

म्हणून लिनक्स व्हिज्युअल इफेक्ट्सच्या धंद्यात उपरं आहे, असं मात्र नाही. ‘टायटॅनिक’च्या (1997) दृश्यांसाठी डिजिटल डोमेन या इफेक्ट्स स्टुडिओने अल्फा प्रोसेसरच्या यंत्रांचा ताफा लावला होता, त्यातल्या शंभरावर यंत्रांवर लिनक्स होतं. पुढे सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी वर्कस्टेशनं मागे पडली तेव्हा बड्या स्टुडिओंनी हीच वाट धरली. त्यांची घरची सॉफ्टवेअरं युनिक्सच्या कुळातली, ती इकडे आणणं सोपं होतं. डिजिटल डोमेनमध्येच जन्मलेलं न्यूक हे कम्पोझिटिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर अगदी घरच्यासारखं चालतं. शिकणाऱ्यांसाठी त्याची फुकट आवृत्तीही आहे.

थोडक्यात, कम्पोझिटिंग, म्हणजे शॉटमध्ये शॉट मिसळायचं काम, लिनक्सवर पहिल्या दर्जाचं होतं. अडतं ते हलत्या शीर्षकांपाशी, मोशन ग्राफिक्सपाशी. कारण मला सरळ दिसतं: कम्पोझिटिंगची गरज पैसेवाल्या स्टुडिओंना होती, शीर्षकं करणारा बहुधा एकटा फ्रीलान्सर. त्याच्यासाठी कोण कशाला हात घालणार?

त्याच्या हाती उरतं ब्लेंडर, आणि ते काही कमी नाही. पण मराठी माणसाची पहिली ठेच तिथेच. ब्लेंडरचा टेक्स्ट ऑब्जेक्ट देवनागरीला वर्षानुवर्षं नीट हाताळत आलेला नाही. एखाद्या मंडळाच्या शीर्षकासाठी त्याच्या नावातलं ‘प्रतिष्ठान’ टाकून बघा: ‘प्र’चा पाय मोडून ‘प्’ आणि ‘र’ वेगळे उभे, ‘ति’ची वेलांटी ‘त’च्या पुढे जाऊन बसलेली, ‘ष्ठ’ फुटलेला. मंडळाचा अध्यक्ष हे बघून काय म्हणेल ते छापण्यासारखं नाही.

उपाय इंकस्केपमध्ये आहे. तिथे जोडाक्षरं बरोबर जुळतात. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ हा मुक्त फॉण्ट घ्या, नाव टाइप करा, मग पाथ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ द्या. आता ती अक्षरं राहिली नाहीत, नुसत्या बाह्यरेषा झाल्या. शुद्धलेखन त्याआधीच तपासून घ्या. एसव्हीजी साठवून ब्लेंडरमध्ये इम्पोर्ट करा. काहीच आलं नाही असं वाटेल. आलेलं असतं, पण इवलंसं. निवडून मोठं करा. मग जाडी द्या, कडा गोल करा, कीफ्रेम लावा.

रेंडर करताना फिल्ममधलं ‘ट्रान्सपरंट’ चालू ठेवा आणि थेट व्हिडिओ काढू नका, फ्रेमगणिक वेगळी फाइल काढा. मध्यरात्री वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात, पुढच्याच तेवढ्या करायच्या.

शेवटची मेख अल्फाची, म्हणजे पारदर्शकतेची. ब्लेंडरच्या पीएनजीत रंग पारदर्शकतेने गुणलेला नसतो, ईएक्सआरमध्ये असतो. न्यूकमध्ये पीएनजी आणलीत तर आधी प्रीमल्ट नोड लावा, ईएक्सआरला लावू नका. दुसऱ्यांदा गुणलं गेलं की अक्षरांच्या कडेला काळपट किनार येते, आणि माणूस तासभर उगाच प्रकाशयोजनेत चूक शोधत बसतो.

पुढच्या भागात हिरव्या पडद्यासमोरचा शॉट.