थंडी पानांना कळते, मोहर डोळ्यात फुटतो

परसात किंवा सोसायटीच्या आवारात आंब्याचं झाड असेल, तर डिसेंबरात त्याचे शेंडे जरा निरखून बघा. एका काडीवर भरगच्च मोहर. शेजारच्या काडीवर तांबूस, लुसलुशीत पालवी. आणि एखाद्या काडीवर भलताच प्रकार: तळाशी मोहराचे तुरे आणि त्याच फुटव्याच्या टोकाला पानं! झाड एक, माती एक, पाणीही एकच. मग एकाच झाडावर ही तीन तऱ्हांची फूट कशी?

याचं उत्तर गेल्या काही आठवड्यांच्या हवेत आहे. आंब्याच्या शेंड्यावरचा डोळा आधीपासून फुलाचा किंवा पानाचा ठरलेला नसतो. तो फुटायला लागतो त्या दिवसांत रात्री गार असतील, साधारण पंधरा अंशांच्या आसपास, तर मोहर येतो. उबदार असतील तर पालवी. डोळा फुटून अर्धा वाढला आणि मध्येच थंडी पळाली, तर फुटवा वाटेतच बेत बदलतो: खाली मोहर, वर पानं. उकाड्यात सुरुवात होऊन नंतर गारठा पडला, तर याच्या नेमकं उलट. म्हणजे डिसेंबरातली ती चमत्कारिक काडी हातात धरून तुम्ही मागचं हवामान वाचू शकता, तेही हवामान खात्याकडे न जाता.

त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. ही थंडी डोळ्याला कळतच नाही, ती कळते पानांना. फांदीवरची पानं काढून टाकली, तर कितीही गारठा पडो, ती फांदी मोहरत नाही. पानात एक निरोप तयार होतो आणि अन्नरसाबरोबर शेंड्यापर्यंत वाहत जातो. असा काही निरोप असला पाहिजे, असं रशियातल्या मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडलं आणि त्याला ‘फ्लोरिजेन’ असं नावही दिलं. पण तो सापडेना. थेट २००७ मध्ये दुसऱ्याच वनस्पतींवरच्या, त्यात आपल्या भातावरच्याही, प्रयोगांतून कळलं की हा निरोप म्हणजे एक चिमुकलं प्रथिन आहे. सत्तर वर्षं एका निरोप्याच्या मागावर! वनस्पतिशास्त्रातली ही चिकाटी मला मोहराइतकीच थोर वाटते.

पानं निरोप धाडणार, तर ती जून हवीत. इथेच आपल्या लहरी हवामानाचा खोडा बसतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की झाड खुशाल नवी पालवी फोडतं. ती कोवळी पानं जून होईपर्यंत थंडीचे चांगले दिवस निघून जातात, मोहर लांबतो आणि आंबाही लांबतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने कोकणात ऐन मोहराच्या तोंडावर पाऊस पाडला, तेव्हा बागायतदारांच्या पोटात गोळा उठला तो उगाच नाही. ओल आणि ढगाळ हवा आली की करपा, भुरी आणि तुडतुडे मोहरावर तुटून पडतात.

बरं, थंडी जास्त पडली तर तरी बरं? तेही नाही. एखादा तुरा खाली वाकवून भिंगाखाली धरा. एका तुऱ्यावर शेकड्याने, कधी हजारावर फुलं असतात, आणि बहुतेक फुलांत परागकण देणारा पुंकेसर एकुलता एक, गुलाबी-जांभळट टोकाचा. पण सगळ्याच फुलांच्या मधोमध अंडाशयाचा पिवळसर हिरवा, टाचणीच्या डोक्याहून बारीक गोळा दिसणार नाही. ज्यांत दिसेल, कैरी धरण्याची आशा फक्त त्यांच्यातच. बाकी सगळी नर फुलं. मोहर वाढताना गारठा फार राहिला, तर या नरांचीच संख्या वाढते आणि परागही अशक्त निपजतात. मग झाड मोहराने लगडतं आणि कैऱ्या मात्र बोटावर मोजण्याइतक्या. परागीभवन करतात त्या मुख्यतः माश्या, अगदी घरात आपण हाकलतो त्यासुद्धा. थंडीत त्याही सुस्तावतात.

कोकणातल्या माणसाला सर्वांत जास्त छळतो तो पुनर्मोहर. पहिल्या मोहराला वाटाण्याएवढी फळं धरलेली असतात, आणि जानेवारीत थंडी पुन्हा जोर धरते. त्याच काडीवर नवा मोहर फुटतो. झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं गळून पडतात. अंगणभर कैऱ्यांचा सडा आणि वर झाड ऐटीत फुललेलं! जिब्रेलिक आम्ल हे संजीवक मोहराला आवर घालतं, म्हणून पुनर्मोहर रोखायला त्याची फवारणी करतात. उलट ‘कल्टार’ नावाचं वाढरोधक झाडातलं हे जिब्रेलिनच कमी करतं आणि मोहर ओढून आणतं. एकाच दोरीची ही दोन टोकं. घरच्या एकदोन झाडांसाठी मात्र कल्टारच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. चुकीच्या मात्रेने झाड खुरटून बसतं, आणि आपल्याला काही मुंबईच्या बाजारात पहिली पेटी पाठवायची नसते.

घरच्या झाडाला करण्यासारखं त्यापेक्षा साधं आहे. पाऊस संपला की मोठ्या झाडाचं पाणी तोडा, त्याला ताण बसू द्या म्हणजे अवेळी पालवी फुटणार नाही. फळ वाटाण्याएवढं झालं की पाणी पुन्हा सुरू करा. गच्चीवरच्या ड्रममध्ये लावायचा असेल, तर आम्रपालीसारखं बुटकं आणि दरवर्षी फळणारं कलम घ्या. ड्रममधल्या झाडाचं पाणी पुरतं बंद करू नका, नुसतं कमी करा. मोहर फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, माश्या मरतील.

आणि या नोव्हेंबरात चार काड्यांना रंगीत दोरा बांधा, रात्रीचं किमान तापमान रोज कॅलेंडरवर लिहा. कुठल्या काडीला काय फुटलं ते ताडून बघा. घरातल्या मुलांना हे काम द्या, ती तुमच्याआधी सांगतील.